अनघा, तो मागचा हूक तुटतो

अनघा,

तुझ्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मी वाचलं. तुझ्या तेराव्याच्या दुपारी तुळजापूरला तुमच्या घरी पंगत उठली आणि तुझ्या वडिलांनी, गुरुजींनी, मला आतल्या खोलीत बोलावून ती जाड वही हातात दिली. म्हणाले, "अण्णा, तिच्या कामातलं आम्हाला काही कळत नाही. पण हिच्यात तुमच्या दुकानाचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलंय. तुमच्याकडंच असू द्या."

मी उभ्यानंच पानं उलटली. वर 'तामलवाडी', म्हणजे माझ्या दुकानाचं गाव, लिहिलेलं शेवटचं पान सापडलं. डाव्या रकान्यात समोरचा काय म्हणाला ते, उजव्या रकान्यात तुझं मत. डावीकडं होतं: 'मागच्या हुकाची पट्टी तुटेल म्हणतात.' उजवीकडं: 'कारण सांगत नाहीत. मालक नेहमीप्रमाणे घासाघीस करतायत. सध्या बदल नको.'

मला राग आला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मला जमलं नाही. गुरुजींशी धड न बोलता मी बाहेर पडलो आणि मोटारसायकलवरून घाट उतरताना हेल्मेटच्या आत तुझ्याशी मोठ्यानं भांडत आलो. तीस वर्षं लोखंडात हात काळे केलेला माणूस तुला सांगतो की हे तुटेल, आणि तू लिहितेस घासाघीस? तू जिवंत असताना तुला मी 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचो. त्या घाटात पहिल्यांदा तू म्हणालो. आता मागं घेत नाही.

आठवतं, पहिल्यांदा आलीस तेव्हा ड्रिलिंग मशीनच्या टेबलावरचा लोखंडाचा कीस हातानं झाडून तू लॅपटॉप ठेवलास. मी बांधतो त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची मापं विचारलीस, चित्र काढलंस, वर उसाचं वजन टाकलंस आणि ट्रॉलीला रंग चढले. निळा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे ताण, लाल म्हणजे तिथं तुटणार. ट्रॉली बांधायच्या आधीच ती कुठं तुटेल ते दाखवणारा प्रोग्रॅम. पुण्यातली नोकरी सोडून तू तो आमच्यासारख्या पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्र्यांसाठी मराठीत केला होतास. निळ्या जागांवर बोट ठेवून म्हणालीस, इथं एवढं लोखंड लागत नाही. मी म्हणालो, "लोखंड माझं, गिऱ्हाईक माझं, आणि अक्कल तेवढी तुमची व्हय मॅडम?" तू हसलीस. "अक्कल तुमचीच न्यायला आलेय मालक. वापरून बघा आणि काय वाईट आहे ते सांगा."

काय वाईट आहे ते सांगा. हे असलं आमच्या भागात कोणी कोणाला विचारत नाही, अनघा. उन्हातनं आलेल्या बाईमाणसाला चहा द्यायचा, पंखा तिच्याकडं फिरवायचा आणि छान आहे म्हणायचं. तू दहा प्रश्नांचे छापील कागद वाटलेस. अतिशय समाधानी, समाधानी, बरं, असमाधानी. आपल्या जिल्ह्यातल्या वाशीच्या बाळासाहेब मिस्त्रीनं कागद हातात धरून तुला विचारलं होतं, "ताई, तुमाला कुठलं पायजे सांगा, त्याच्यावर खूण करतो." हे तू मला सांगितलंस तेव्हा हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सगळं हसण्याचं नव्हतं. जिल्ह्यातले सगळे कागद अतिशय समाधानी होऊन आले होते. फक्त माझ्या कागदावर मी दहाही प्रश्नांना काट मारून खाली लिहिलं होतं, 'अक्षर मुंगीएवढं. मिलिमीटर कोणाला कळतं?'

त्या दिवसापासून तू कागद बंद केलेस. वही घेऊन यायला लागलीस. स्टुलावर बसून तासतासभर नुसती आमचे हात बघायचीस. कोणी प्रोग्रॅम चालवताना थांबला, कपाळाला आठी घातली, की टिपून घ्यायचीस. 'कसं वाटलं' हे विचारणं सोडून 'मागच्या वेळी कुठं अडलात' असं विचारायला लागलीस. आमच्याकडं पट्टीची जाडी सुतात मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच, हे कळल्यावर पंधरा दिवसांत प्रोग्रॅममध्ये सूत आलं. अक्षर मोठं झालं. आम्ही इंटरनेट जातं म्हणून ओरडलो तर तो इंटरनेटशिवाय चालायला लागला. एक मिस्त्री म्हणाला होता की लाल रंग तेवढा काढून टाका, गिऱ्हाईक बघून पळून जातं. त्यावर तू म्हणालीस, बाकी काहीही मागा, लाल राहणार.

मी तुझं कौतुक कधीच केलं नाही. माझी रीतच तशी आहे. विकत घ्यायला गेलो की आधी मालाला नावं ठेवायची, आणि जो आवडला त्याला जास्त. लेकीच्या लग्नाचा शालू पसंत पडला तेव्हा मी दुकानदाराला म्हणालो होतो की हा पडद्याला बरा दिसेल. प्रोग्रॅमची वर्षाची फी ठरवताना तुझ्याशीही तसंच वागलो. तू मात्र मला ओळखलंस. एकदा चहा पिता पिता म्हणालीस, "मालक, तुम्ही ज्याला ओरडून नावं ठेवता ते तुम्हाला आवडलेलं असतं. जे खरंच वाईट असतं ते तुम्ही हळू आवाजात सांगता." मी उठून उगाच कामगारावर खेकसलो. माझ्या बायकोला जे कळायला पंचवीस वर्षं लागली ते तुला पाच-सहा फेऱ्यांत कळलं होतं.

राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तुझ्या प्रोग्रॅमचं माहितीपत्रक छापलंस तेव्हा त्यावर फोटो कोणाचा? लोहाऱ्याच्या शिवलिंग मिस्त्रीचा. समाधानी वापरकर्ता म्हणून. फेटा बांधून बसला होता. सूत मी सांगितलं, अक्षर मी सांगितलं, शिव्या मी दिल्या आणि फोटो शिवलिंगचा. मी विचारल्यावर तू म्हणालीस, "तुमचा फोटो टाकला असता तर खाली समाधानी कसं लिहिलं असतं?" तुझं बरोबर होतं. पण मी ते मनात धरलं. अजून धरलंय.

आणि मग तो शेवटचा दिवस. गेल्या महिन्यातला.

तू नवीन सुधारणा दाखवायला आली होतीस. दोन ट्रॉल्यांचा जोड. आमच्याकडं ऊस वाहताना एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या लावतात. पुढच्या ट्रॉलीच्या शेपटाला एक हूक असतो, त्यात मागची अडकवतात. तो हूक ज्या पट्टीवर बसतो ती मी पाच सुती घालतो. तुझ्या पडद्यावर ती पट्टी गडद निळी दिसत होती. तू म्हणालीस, तीन सुती पुरते, दोन सूत लोखंड वाया जातंय. शिवलिंग मिस्त्रींनी चार ट्रॉल्या तशाच बांधायला घेतल्यात.

मी म्हणालो, तुटेल.

तू विचारलंस, का? मी म्हणालो, अनुभव आहे. तू वही उघडलीस आणि तुझा नेहमीचा प्रश्न विचारलास. "मालक, कुठं तुटलेली बघितलीये का?"

बघितली होती, अनघा.

माझीच होती. दहा-बारा वर्षं झाली. मी बांधलेला पहिला जोड. तेव्हा मीही तीनच सूत घालायचो. तुळजापूरच्या घाटात उतारावर ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पुढची ट्रॉली थांबली आणि मागच्या भरलेल्या ट्रॉलीनं तिला ढकललं. पट्टी पिळली, वेल्डिंग उकललं, मागची ट्रॉली सुटून रस्त्यावर आडवी झाली. मागून बाजाराच्या बायांनी भरलेली जीप येत होती. ती हातभर अंतरावर थांबली. कोणाला खरचटलंही नाही, म्हणून मी वाचलो. लोक जमायच्या आत मी ती फाटलेली पट्टी गॅसनं कापून काढली आणि ड्रायव्हर प्यायला होता असं सगळ्यांना सांगितलं. तो माणूस थेंबाला शिवत नव्हता. त्याचं काम गेलं. मी दुसऱ्या दिवसापासून पाच सुती पट्टी घालायला लागलो आणि गिऱ्हाइकाला सांगायला लागलो, बघा, आपल्याकडं माल कसा भरदार.

हे सांगायला किती वेळ लागला असता? एक चहा थंड व्हायला लागतो तेवढा. तुझ्या पडद्यावर ट्रॉली नुसती ओढली जात होती. उतारावर ती ढकललीही जाते, हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं. ते माझ्याजवळ होतं. पण ते सांगायचं तर ती पट्टी माझी होती हेही सांगावं लागलं असतं, आणि तू ते वहीत लिहिलं असतंस. जो माणूस तीस वर्षं दुसऱ्याच्या मालातल्या खोडी काढत आला, त्याची खोड तुझ्या रकान्यात गेली असती.

म्हणून मी ओरडलो. तुमच्या प्रोग्रॅमला घाटातलं काय कळतं म्हणालो, पुण्यात बसून ऊस वाहता का म्हणालो. आणि हेही म्हणालो, की पुढच्या वर्षीची फी माफ करा, मग कारण सांगतो. हे शब्द माझे आहेत. मी ते अर्ध्या दुकानाला ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं बोललो. तू माझ्या आवाजावरून खरं-खोटं ओळखायचीस, आणि आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट मी खोट्या आवाजात सांगितली. तू तुझ्या हिशेबानं बरोबरच लिहिलंस. घाट उतरून घरी पोचल्यावर, मोटारसायकल स्टँडला लावताना मला हे कळलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. तो गेला याचंच जास्त वाईट वाटतंय. राग होता तोवर तू भांडायला समोर होतीस.

त्यानंतरच्या गुरुवारी तुझा फोन आला होता. आवाज बसलेला होता, अंगात कणकण आहे म्हणालीस. "मालक, त्या पट्टीचं डोक्यातनं जात नाही. ते खरंच तुटतं का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

एवढंच विचारलं होतंस. हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असं फोनवर सौदे होत नसतात मॅडम. या इकडं, बसून बोलू." तू खोकलीस, हसलीस, म्हणालीस, सोमवारी येते. पुढचं मला लिहायचं नाही. सोमवारी आम्ही सगळे तुमच्या दारात उभे होतो.

तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला फोन केला, तुझ्याबरोबर काम करणाऱ्या निखिलला. घाट, ब्रेक, जीप, ड्रायव्हर, सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्यानं विचारलं, "हे तिला माहीत होतं?" मी म्हणालो नाही. त्यानं नुसती मापं उतरवून घेतली, आणि मला वाटत होतं त्यानं शिव्या द्याव्यात. तीन दिवसांनी त्यानं मोबाइलवर चित्र पाठवलं. पडद्यावर आता मागून धक्का बसतो. तीन सुती पट्टी लाल झाली होती. भडक, कुंकवासारखी. मी ते चित्र कोणाला दाखवू म्हणून शेडमध्ये इकडंतिकडं बघितलं. जिला दाखवायचं तिचं स्टूल रिकामं होतं.

प्रोग्रॅम सुधारला. पण चार ट्रॉल्या बांधून झाल्या होत्या आणि साखर कारखान्याचा बॉयलर पेटून उसाचा हंगाम सुरू झाला होता.

आधी मी वाशीच्या बाळासाहेबाला फोन लावला. तो म्हणाला, "खरं सांगू का अण्णा, म्या त्यो प्रोग्रॅम उघडलाच न्हाय कदी. माझी पट्टी हाय तशीच हाय. पन ताई लांबनं यायच्या, त्यास्नी नाराज कसं करायचं?" दोन वर्षं तुला अतिशय समाधानी म्हणून सांगत होता, अनघा. त्या दिवशी मला त्याच्या त्या खोटेपणाचा मुका घ्यावासा वाटला.

मग शिवलिंग मिस्त्री. लोहाऱ्याला मी स्वतः गेलो. सांगितलं, तुमच्या चारही ट्रॉल्यांच्या मागच्या पट्ट्या बदलून देतो. लोखंड माझं, वेल्डिंग माझं, एक पैसा नको. त्यानं हातातला ग्राइंडर बंद केला.

"फुकट? तुमी? काय डाव हाय त्यो आदी सांगा."

डाव नाही म्हणालो. घाटातली गोष्ट सांगितली, मोबाइलवरचं लाल चित्र दाखवलं. तो म्हणाला, "ताईंनी सोता बसून मला निळं दावलंय. आता त्या न्हाईत तर पंधरा-वीस दिसांत चित्राचा रंग बदलला व्हय? माझी गिऱ्हाइकं फोडायची तर फोडा अण्णा, पन गेलेल्या बाईचं काम खोटं पाडू नका." आणि त्यानं ग्राइंडर चालू केला. तुझी बाजू घेऊन तो माझ्याशी भांडला. तुझा समाधानी वापरकर्ता. त्याचा फोटो छापलास ते बरोबर केलंस.

परत येताना मला कळलं की या जिल्ह्यात माझं फुकटचं कोणी घेणार नाही. दोन दिवसांनी मी त्याला फोन केला आणि गुर्मीत सांगितलं, मिस्त्री, विचार केला, फुकट परवडत नाही, पट्ट्या बदलायच्या तर भाव पडेल. आणि मुद्दाम तोंडाला येईल तो भाव सांगितला. त्याचा आवाज लगेच बदलला. "हां, आता बोला. किती म्हनता? एवढ्यात नवी ट्रॉली यील की." अर्धा तास त्यानं मला घासलं. मी शिव्या दिल्या, फोन ठेवतो म्हणालो, पोरंबाळं उपाशी मारता का म्हणालो. शेवटी त्याला पाहिजे होतं तिथं आणून सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हरण्यासाठी घासाघीस केली, अनघा, आणि एवढं कौशल्य मला कधी लागलं नव्हतं.

तो तीन ट्रॉल्या घेऊन आला. खूश होता. मी पट्ट्या कापत असताना शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "अण्णा, तुमी ढिलं पडला आता. पैल्यासारखं न्हाय ऱ्हायला." मी वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घेतली आणि काम संपेपर्यंत वर केली नाही. मग विचारलं, चौथी?

चौथी विकली होती. तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी. राज्याच्या सीमेपलीकडचा कोणी पाटील, रोख देऊन घेऊन गेला. हिरवा रंग. जोडाची पुढची ट्रॉली. बिलावरचा फोन बंद लागतो. शिवलिंगला अजून खरं वाटत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्याचंही हसू गेलं. म्हणाला, "अण्णा, ह्ये खरंच हाय का?" मी हळू आवाजात म्हणालो, खरं आहे. त्याला तेवढ्यानं कळलं. तुला कळलं असतं तसं.

आज आठ दिवस झाले. तो सीमेपलीकडं शोधतोय, मी इकडं. मी तीन कारखान्यांच्या फाटकांवर जाऊन आलो. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, मी प्रत्येक जोडाच्या मध्ये वाकतो, हात घालून मागच्या पट्टीची जाडी चाचपतो आणि पुढच्या गाडीकडं जातो. ड्रायव्हर विचारतात काय बघता. मी सांगतो. तुटलेली पट्टी माझी होती इथपासून सांगतो, गाडी गाडी करत, रांगेतल्या प्रत्येकाला. काही जण हसतात. एकानं विचारलं, तुम्हीच बांधता ना ट्रॉल्या, मग गिऱ्हाईक राहील का? हे पत्र मी पेपरात छापायला देतोय, ते आल्यावर राहिलेलंही जाईल. ज्या ड्रायव्हरवर मी आळ घेतला तो हे वाचेल की नाही माहीत नाही. त्याच्या गावाला जायचं आहे. पण ट्रॉली आधी.

घाट कुठल्या बाजूला नाही, अनघा? ती तुळजापूरच्या घाटात असेल, नाहीतर तिकडच्या कुठल्या उतारावर, मागं भरलेली ट्रॉली, पुढं एक बैलगाडी आडवी आली आणि ब्रेकवर पाय गेला. रोज दुपारी फोन वाजला की मी ताट सरकवून उठतो. गुरुजींकडं जायचं धाडस होत नाही. गेलो तर ते विचारतील, वहीतलं काही उपयोगाचं निघालं का.

आयुष्यभर मी एकच गोष्ट मागितली, की शेवटचा शब्द माझा असावा. या वेळी तुझा असू दे. कुठंतरी, आत्ता, ती हिरवी ट्रॉली उतार उतरत असेल. मी चुकलेलो असू दे. तू निळी म्हणाली होतीस, ती निळीच राहू दे.